सातबारा माझ्या नावावर आहे, सही मी करणार नाही



या वेळी कुरड्या-पापडांवर लिहीन असं मी कबूल केलं होतं. गव्हाचा चीक किती दिवस भिजवायचा हे तिघींनी विचारलंही होतं. ते पुढच्या वेळी. आज जे लिहायचं आहे ते पौषापासून मनात घोळतंय आणि ते लिहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

आमचं सहा एकर शेत राळेगाव तालुक्यात आहे. सासऱ्यांनी घेतलं, वाटणीत आमच्याकडे आलं आणि पंधरा वर्षांपूर्वी ह्यांनी माझ्या नावावर केलं. आपल्यापैकी कितीतरी घरांत असंच आहे. दुकान नवऱ्याच्या नावावर, शेत बायकोच्या. आपण वर्षातून एकदा हरभऱ्याच्या दिवसांत सोले खायला जातो, झाडाखाली डबे उघडतो, सूर्यास्ताच्या आत जेवून परत येतो. शेत वाहतो मक्तेदार. पाडव्याला बोली होते, मक्त्याचे पैसे येतात, आणि सातबारा कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली पडून असतो.

पौषात एका दुपारी गावाकडून दोघं जण आले. चहापाणी झालं. मग त्यांनी एक कागद पुढे केला. रोही आणि रानडुकरांनी गाव हैराण आहे, बाहेरून नेमबाज बोलवायचे आहेत, परवाना काढायचं चाललं आहे, पण कळप एका शेतातून दुसऱ्या शेतात पळतो, म्हणून सगळ्या शेतमालकांची संमती हवी. मजकूर असा होता: वन्यप्राण्यांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या व्यक्तींना आमच्या शेतात केव्हाही येण्याजाण्यास व वाहन आणण्यास आमची हरकत नाही. खाली चाळीसेक सह्या झालेल्या होत्या. त्यात आपल्या समाजातल्या चार घरांच्या होत्या. ती नावं वाचून मला जास्त वाईट वाटलं.

हे म्हणाले, "कर सही. आपण कुठे मारतोय?"

सख्यांनो, मी १९८० च्या सुमाराची बी.कॉम. आहे. चाळीस वर्षं फोडण्या दिल्या तरी कागद वाचायची सवय गेलेली नाही. त्या कागदात मुदत नव्हती. येणाऱ्यांची नावं नव्हती. गोळी चुकली, माणूस जखमी झाला, बैल मेला तर जबाबदार कोण, ते नव्हतं. सही मात्र माझी हवी होती. मी विचारलं, "सही नाही केली तर येणार नाहीत का?" दोघं एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "काकू, रोह्याला गट नंबर समजते का?"

रोह्याला समजत नाही, ते खरं. पण बंदूक घेतलेल्या माणसाला तर समजतो ना? माझं भांडण तेवढंच आहे. माझ्या बांधाच्या आत जीव घ्यायला कोणी यावं की नाही, हे मी ठरवणार. शेजाऱ्याने ठरवायचं नाही, गावाने सह्यांच्या बेरजेवर ठरवायचं नाही, आणि माझ्या नवऱ्यानेही माझ्या वतीने ठरवायचं नाही.

"आपण कुठे मारतोय?" हा प्रश्न आधी घेते, कारण आपल्या चारही घरांतून हेच उत्तर मला मिळालं. आपल्या लहानपणी पाठशाळेत काय घोकून घेतलं होतं? कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि कोणी करत असताना बरं म्हणणं. तिन्हींचा बंध लागतो. शेतात या, मारा, माझी हरकत नाही, असं लिहून सही करणं हे या तिन्हींतलं कोणतं? मला तर कारित आणि अनुमोदना दोन्ही दिसतात, आणि तेही लेखी, आधार कार्डाची झेरॉक्स जोडून.

आणखी एक बघा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक हिंसादान. शस्त्र, अग्नी, विष, साखळदंड अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. आपण म्हणतो, आम्ही तर घरात उंदराचं औषधही ठेवत नाही. पण शिकारीला बंदुकीइतकीच जागा लागते. दबा धरायला बांध लागतो, जीप फिरवायला वाट लागते. जागा देणं हे साधन देणंच झालं. आणि सप्तव्यसनांत शिकार जुगाराच्या, मद्याच्या ओळीत बसवली आहे. जुगाराला ओसरी भाड्याने मागितली तर आपण देऊ का?

आता दुसरी बाजू. तीही मी टाळणार नाही, कारण तीच खरी अवघड आहे.

एक भाऊ मला म्हणाले, "ताई, गृहस्थाला विरोधी हिंसेची सूट आहे. पीक वाचवणं म्हणजे स्वसंरक्षणच." बरोबर आहे, हिंसेचे चार प्रकार आपण मानतो: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटवताना जीव जातात ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. अंगावर आलेल्याला परतवताना होते ती विरोधी. गृहस्थाने पूर्ण सोडायची ती संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. आता तुम्हीच सांगा, तारीख ठरवून, दुसऱ्या राज्यातून नेमबाज बोलावून, सर्चलाइट लावून, जीपमधून पाठलाग करून, मादीच्या मागे पिल्लू आहे की नाही हे न बघता जे होतं, ते अंगावर आलेल्याला परतवणं आहे का? यात ठरवायचं बाकी काय राहिलं? रानडुक्कर अंगावर आलं आणि माणसाने जीव वाचवायला कुऱ्हाड उचलली, तर त्याला मी काही म्हणणार नाही. कायदाही म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, असं स्पष्ट आहे. पण पिकासाठी मारायचं तर परवानगी लागते. म्हणजे जीव वाचवणं आणि पीक वाचवणं यांत कायद्यानेही फरक केला आहे. आपण श्रावक म्हणवणाऱ्यांनी तो पुसायचा का?

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी जणींना माहीत असते. मारलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. मटण गावात वाटता येत नाही, शिंग दिवाणखान्यात लावता येत नाही. मी हिशेबवाली बाई आहे. प्राण्यावर हक्क सरकारचा, तर त्याने खाल्लेल्या पिकाचं देणंही सरकारच्याच खात्यावर पडलं पाहिजे. मालमत्ता एकाची आणि तोटा दुसऱ्याचा, असा ताळेबंद कुठल्या वहीत बसतो? म्हणून मी म्हणते, भांडायचं असेल तर भरपाईसाठी भांडा. बंदुकीसाठी सह्या गोळा करायला लोक घरोघर येतात. भरपाईच्या अर्जासाठी कोणी आमच्या दारात आलेलं मला आठवत नाही.

हे सगळं नवीन नाही. माझ्या लहानपणी हौसेची शिकार कायदेशीर होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन, माहेरच्या शेतावर दोन पाहुणे जीप घेऊन आले. एकाच्या खांद्यावर बंदूक होती. आजोबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, गाळलेलं पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे दिले, आणि म्हणाले, "बसा, जेवून जा. पण बंदूक गाडीत ठेवा, आणि आमच्या धुऱ्याच्या आत ती काढू नका." पाहुणे रागावले नाहीत. जेवले आणि गेले. पुढे १९७२ चा कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेच संपले. आजोबांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. आज कायदा आपल्या बाजूने असताना आपण चहा देतो आणि वर सहीही करतो.

पिकासाठी परवाना ही वाट मात्र उघडी राहिली. आपल्या राज्यात रोही आणि रानडुकरासाठी ती आहे. बिहारने तर पुढची पायरी गाठली. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर उपद्रवी जाहीर केले, आणि जून २०१६ मध्ये मोकामाच्या भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले. केंद्रातल्याच दोन मंत्र्यांचं, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांचं, त्यावरून जाहीर भांडण झालं. तेव्हा आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर किती हळहळ झाली होती! बिहार लांब होतं म्हणून. आता कागद आपल्या टेबलावर आला तर हळहळ कुठे गेली?

आणि आपलं यवतमाळ तर याबाबतीत काही शिकलेलं असायला हवं. २ नोव्हेंबर २०१८ ची रात्र आठवते ना? महावीर निर्वाणाच्या चार-पाच दिवस आधी राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, गोळी घालून मारली. पांढरकवडा, राळेगावच्या गावांत दोन वर्षांत तेरा माणसं गेली होती, त्यांचा दोष तिच्यावर होता. त्या घरांचं दुःख खोटं नव्हतं. संध्याकाळी बाया एकट्या शेतातून परतायला घाबरत होत्या, आमच्या मक्तेदाराची बायकोही. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबरमध्ये वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप केला नव्हता. पण आदेश होता आधी बेशुद्ध करून पकडायचा, ते जमलंच नाही तर मारायचा. प्रत्यक्षात रात्री, बाहेरून आणलेल्या खासगी शिकाऱ्याच्या मुलाने तिला मारलं, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने नियम पाळले गेले नाहीत असं म्हटलं. तिची दहा-अकरा महिन्यांची दोन पिल्लं मागे राहिली. मला सांगायचंय ते इतकंच: जिथे सर्वोच्च न्यायालयाचं लक्ष होतं, देशभरचे कॅमेरे होते, तिथे बंदूक आत आल्यावर नियम बाहेर राहिले. मग आमच्या सहा एकरांत, अंधारात, कोण नियम बघणार?

शिवाय वाघ खातो काय? रोही आणि रानडुक्करच. टिपेश्वरचे वाघ काही कुंपणात बसलेले नाहीत. त्यांचं खाणं आपण संपवलं तर ते गोठ्याकडे येतील, हे समजायला वनाधिकारी असावं लागत नाही.

परदेशातली एक गोष्ट सांगते, कारण "गावाने ठरवलं म्हणजे मानावंच लागतं" असं मला ऐकवलं गेलं. फ्रान्समध्ये १९६४ साली असा कायदा झाला की अनेक भागांत छोट्या जमीनमालकांची जमीन गावाच्या शिकारी मंडळाच्या ताब्यात यायची, शिकारीपुरती. साधारणपणे वीस हेक्टरहून मोठा मालक आपली जमीन बाहेर ठेवू शकायचा, छोट्याला ते नाही. काही छोट्या मालकांना शिकारच मान्य नव्हती. ते लढत लढत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २९ एप्रिल १९९९ ला न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: ज्याच्या मनाला शिकार पटत नाही, त्याला आपल्या जमिनीवर दुसऱ्यांची शिकार सोसायला भाग पाडणं चूक आहे. पुढच्याच वर्षी फ्रान्सने कायदा बदलला. २०१२ मध्ये जर्मनीच्या एका जमीनमालकालाही तसाच निकाल मिळाला. ती माणसं जैन नव्हती. त्यांच्याकडे चोवीस तीर्थंकर नव्हते, पाठशाळा नव्हती. तरी "माझ्या जमिनीवर नको" एवढ्या वाक्यासाठी ती वर्षानुवर्षं कोर्टात उभी राहिली. आपल्याला तर नुसतं पेन खाली ठेवायचं आहे.

तर मी पेन खाली ठेवलं. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मंदिरात गेले, आरती केली, मैत्रिणींना सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं. ही गोष्ट इथे संपली असती तर मी आज लिहिलंच नसतं.

महिन्याभराने मी शेतावर गेले, न कळवता. पंपाच्या स्टार्टरच्या पेटीपासून एक उघडी तार बांधाबांधाने नेलेली मला दिसली. मी मक्तेदाराला विचारलं, हे काय? तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, तुमचा धरम तुमच्यापाशी. पन माहा चना तं गेला ना! तुमी बंदूक येऊ देत नाई, मंग म्या काय करू? रोज रात्री थंडीत जागलीले माही बायको बसते."

त्याचा आठ वर्षांचा मुलगा तिथेच चप्पल न घालता उभा होता.

सख्यांनो, मला घाम फुटला. मी सही केली नाही म्हणून मी अहिंसक झाले होते, आणि माझ्याच बांधावर २३० व्होल्टची तार होती. तिला रोही काय, डुक्कर काय, माणूस काय, सगळे सारखे. अशा तारांनी आपल्या विदर्भात माणसं गेली आहेत. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी जातो, कधी तार लावणारा स्वतः जातो. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात टिपेश्वरचे वाघ अडकल्याचं आपण वाचलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबनकडच्या जंगलात गुहेत मारलेली ती गाभण वाघीण आठवा, तिच्या गळ्यातही तारेचा फास होता.

तार त्याच वेळी काढायला लावली. पण परत येताना गाडीत मी हिशेब मांडला, आणि तो मला शोभणारा नव्हता. दोन एकर हरभरा. एकरी सहा क्विंटल धरला तर बारा क्विंटल व्हायला हवा होता. निम्मा रोह्यांनी खाल्ला. सहा क्विंटल, साडेपाच हजारांच्या भावाने तेहतीस हजार रुपये. मक्ता एकरी पंधरा हजारांनी नव्वद हजार. तो मात्र मी पूर्ण घेतला होता, गेल्या पाडव्यालाच, रोख. म्हणजे माझ्या अहिंसेचे तेहतीस हजार त्याने भरले, आणि पुण्य मी माझ्या खात्यावर जमा केलं. वाणिज्य शाखेत याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

माझा राग आता गावाकडून आपल्याकडे वळतो. पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचा अहमदाबादचा ठराव सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली योग्य ठरवला, तेव्हा आपण पेढे वाटले. ते नऊ दिवस धंदा कोणी बुडवला? खाटकाने. गोरक्षणाला पावती फाडतो आणि फोटो काढतो. दुसऱ्याच्या दुकानाला कुलूप लावून मिळालेली अहिंसा फार स्वस्त असते. आपल्या स्वतःच्या शेतात, आपल्या स्वतःच्या खिशातून ती पाळायची वेळ आली की आपल्यातले निम्मे "आपण कुठे मारतोय" म्हणून सही करतात, आणि माझ्यासारख्या उरलेल्या निम्म्या सही न करता घरी येऊन आरती करतात. नेमिनाथ भगवंतांनी वरातीतून येताना कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला आणि रथ वळवला. त्यांनी स्वतःचं लग्न सोडलं, शेजाऱ्याचं नव्हे.

म्हणून माझं म्हणणं दोन पायांवर उभं आहे, एक काढला तर दुसरा पडतो. आपल्या जमिनीत जीव घ्यायला कोणालाही येऊ देऊ नका. आणि त्या नकाराची किंमत स्वतः द्या.

मी काय केलं ते सांगते, मोठेपणासाठी नाही, नमुना म्हणून. नुकसानीचे निम्मे, सोळा हजार पाचशे, मक्त्यातून परत दिले. पूर्ण द्यायला हवे होते, घरात तेवढंच पटलं. नवीन बोलीच्या कागदावर तीन ओळी घातल्या: शेतात शिकार नाही, फास नाही, उघडी वीज नाही. आणि चौथी ओळ माझ्याकडून: वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पंचनाम्यात जेवढं ठरेल, त्यातलं सरकारी भरपाईतून न निघालेलं मक्त्यातून वजा होईल. भरपाईचा अर्ज सकाळी नुकसान दिसल्याबरोबर, फोटो काढून, वन विभागाकडे करायचा. चार दिवसांनी केला तर पंचनाम्याला काही दिसत नाही. वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक यांच्या मागे मक्तेदार फिरू शकत नाही, त्याचा रोज बुडतो. फोन मी करते. सातबारा माझ्या नावावर आहे, तर चकरा पण माझ्या.

सौर कुंपण बसवतोय. त्यातला झटका क्षणभराचा, थांबून थांबून येतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. मेन लाइनची तार आणि हे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो आपल्या मक्तेदाराला समजावून सांगा. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का ते वन कार्यालयात विचारा.

आणि तोवर साड्या. हसू नका. आपल्या भागात शेतांभोवती जुन्या साड्या बांधलेल्या तुम्ही एसटीतून पाहिल्या असतील. वाऱ्याने हलतात, जनावर बिचकतं. नेहमीच चालतं असं नाही, पण जागलीवरच्या बाईला रात्री दोन तास झोप मिळते. आपल्या कपाटांत किती साड्या पडून आहेत! भांडेवालीला देण्याऐवजी शेतावर पाठवा. मी एकवीस दिल्या, त्यात माझ्या डोहाळजेवणाची हिरवीही गेली.

आता तळ्याबद्दल, कारण बंदुकीची गोष्ट मांडली आणि गळाची सोडली तर तो अर्धवटपणा होईल. २०१६ साली "मागेल त्याला शेततळे" योजना आली तेव्हा आम्हीही तळं खणलं. हरभऱ्याला पाणी तिथूनच देतो. आता रविवारी गावातली आणि शहरातलीही पोरं गळ घेऊन काठावर बसतात. हटकलं तर म्हणतात, "सरकारच्या पैशानं खनलं, मंजे सर्वांचं." अनुदान मिळालं म्हणून तळं सार्वजनिक होत नाही. घरकुलाला अनुदान मिळालं म्हणून त्या घरात कोणी झोपायला येतं का? बेंबळा, अरुणावतीसारख्या धरणांतला किंवा गावतलावातला मासा वेगळा. तिथे भोई-ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था ठेका भरतात, त्यावर त्यांची चूल चालते. त्यांच्या पोटावर मी इथे बसून बोट ठेवणार नाही. मृगसेन धीवराची कथा आपण मुलांना सांगतो. जाळ्यात आलेला पहिला मासा सोडण्याचं व्रत त्याने मुनींकडून घेतलं, आणि तोच मासा पाच वेळा जाळ्यात आला, पाचही वेळा त्याने सोडला. मुनींनी त्याला धीवर म्हणून हाकललं नाही. जेवढं झेपेल तेवढं व्रत दिलं. पण माझ्या तळ्यावर पोट भरायला कोणी येत नाही, रविवार घालवायला येतात. त्यांना नाही म्हणायचा मला हक्क आहे, आणि मी म्हणते.

पण इथेही दुसरा पाय आहेच. मासे ठेक्याने घालायचे तर वर्षाला काही हजार येतील असा प्रस्ताव आमच्या पुतण्याने आणला होता. आपल्याच माणसाने! पोरांना गळ टाकू द्यायचा नाही आणि आपण जाळं टाकून विकायचं, हे कुठलं व्रत? ते पैसे मी सोडले. तळ्याला जाळीचं कुंपण घातलं, कारण प्लास्टिकच्या उतारावरून घसरलेलं पोर वर येऊ शकत नाही. एका कोपऱ्यातून बाहेर नळी काढून टाक्यात पाणी सोडलं. उन्हाळ्यात रोही तिथे पितात. मक्तेदार पहिल्यांदा चिडला. मग म्हणाला, तिकडं पाणी भेटते तं इकडं आत घुसत नाई. खरं-खोटं पावसाळ्यापर्यंत कळेल.

एवढं करून हरभरा पुढच्या वर्षी वाचेल याची मला खात्री नाही. कदाचित पुन्हा मक्ता सोडावा लागेल. यावर हे म्हणाले, "अशाने शेत परवडायचं नाही." मी म्हटलं, गेल्या वर्षी घरच्या पारण्याच्या जेवणाला एक लाख दहा हजार लागले, तेव्हा परवडण्याचा विषय निघाला नव्हता. ते गप्प बसले आणि मग स्वतःच कुंपणवाल्याला फोन लावला.

आता माझी विनंती. आज संध्याकाळी दागिन्यांच्या डब्याखालचा सातबारा काढा. नाव कोणाचं आहे ते बघा. तुमचं असेल तर तुमच्या वतीने कोणी कुठे सही केली आहे का, ते विचारा. केली असेल तर ती मागे घेत असल्याचं साध्या कागदावर लिहून ग्रामपंचायतीला आणि वन विभागाच्या कार्यालयाला द्या, पोच घ्या. आणि मग मक्तेदाराच्या बायकोला फोन करा. मक्तेदाराला नाही, त्याच्या बायकोला. रात्री जागलीला कोण बसतं ते विचारा. उत्तर ऐकून तुम्हाला जेवण जाणार नाही, पण पुढे काय करायचं ते कळेल.

ज्या चार घरांच्या सह्या होत्या, त्यांतली एक परवा मागे घेतली गेली. उरलेल्या तिघींनी हा लेख वाचला तर राग यावा एवढं मी लिहिलं आहे. मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण जे लिहिलं ते मी मागे घेणार नाही.

पुढच्या वेळी कुरड्या. गहू आजच भिजत घाला, तीन दिवस, पाणी रोज बदलून.